मास्टर रामचंद्र आणि महत्तमाचें गणित

बारा इंच बाजूचा एक चौरस पत्रा घ्यावा. त्याच्या चारी कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चार लहान चौरस कापून टाकावे, आणि उरलेल्या बाजू वर दुमडून बिनझांकणाची पेटी करावी. कापावयाचे चौरस केवढे घेतले असतां त्या पेटींत जास्तींत जास्त धान्य मावेल? हा प्रश्न आमच्या विद्यार्थिदशेंत आमच्या पुस्तकांत होता. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतहि आहे. फरक इतकाच कीं, तेव्हां तो इंचांत विचारीत व आतां सेंटिमीटरांत विचारतात. शून्यलब्धि, चलनकलन, विकलन अशीं ज्या गणितास वेळोवेळीं नांवें मिळालीं, त्या गणिताच्या दारांत विद्यार्थ्यानें पाऊल टाकलें कीं हा प्रश्न त्याच्या स्वागतास उभा असतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका हुशार मुलीनें हें उदाहरण फळ्यावर सोडविलें. कापावयाच्या चौरसाची बाजू क्ष मानली. पेटीचें घनफळ क्ष गुणिले ‘१२ वजा २ क्ष’ याचा वर्ग, हें अचूक मांडलें. त्याचें विकलन केलें. तें शून्याबरोबर ठेविलें. आणि क्ष बरोबर २ किंवा ६ अशीं दोन उत्तरें काढिलीं. येथपर्यंत सर्व यथासांग झालें. नंतर तिनें क्षणभर विचार केला आणि लिहिलें, “६ ही संख्या २ पेक्षां मोठी आहे, म्हणून महत्तम घनफळासाठीं क्ष बरोबर ६.” आम्हीं विचारलें, “बारा इंचांच्या पत्र्यांतून सहा सहा इंचांचे चार चौरस कापल्यावर पेटी करावयास उरतें काय?” वर्गांत हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. चूक मुलीची खरी. पण ती आमच्याच शिकविण्याचें फळ होती. विकलन करावें, शून्य मांडावें, उत्तर लिहावें, ही त्रिसूत्री आम्हींच तिला पढविली होती. शून्य कां मांडावयाचें, हें एकदां सांगून आम्ही पुढें गेलों होतों.

त्या दिवशीं घरीं आल्यावर आम्हांस एका पुरुषाची आठवण झाली. विकलनाचें यंत्र हातांत असतांना तें बाजूस ठेवून, केवळ बीजगणिताच्या बळावर असे शेंकडा-दीडशें नव्हे तर या जातीचे वाटतील तितके प्रश्न सोडवून दाखविण्याचा हट्ट त्यानें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं धरिला होता. त्याचें नांव रामचंद्र. दिल्लीकर त्यास ‘मास्टर रामचंद्र’ म्हणून ओळखीत. त्याच्या हट्टाची, त्या हट्टास मिळालेल्या उपहासाची व गौरवाची, आणि त्यांतून आपल्यासाठीं उरलेल्या प्रश्नाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ज्या यंत्राचा त्यानें त्याग केला, त्याचें मोल ध्यानांत घेतलें पाहिजे. ‘मोठ्यांत मोठें केव्हां’ आणि ‘लहानांत लहान केव्हां’ हे प्रश्न मनुष्यास फार जुने आहेत. परंतु त्यांस एकच किल्ली लागू पडते हें युरोपांत सतराव्या शतकांत कळलें. १६१३ सालीं केप्लर या ज्योतिष्यानें दुसरा विवाह केला व ऑस्ट्रियांतील लिंट्झ येथील घरांत द्राक्षारसाचीं पिंपें भरून घेतलीं. विक्रेता पिंपाच्या तोंडांतून तिरपी काठी आंत सरकवी आणि ओल्या काठीच्या लांबीवरून किंमत सांगे. पिंपाचा आकार कसाहि असला तरी काठी एकच! केप्लरच्या मनास हें पटेना. त्यानें पिंपांचें गणित मांडलें आणि १६१५ सालीं त्यावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें एक मार्मिक गोष्ट नोंदविली: घनफळ जेथें महत्तम होतें, त्याच्या अगदीं आसपास माप थोडें बदललें तरी घनफळांत जाणवण्याजोगा फरक पडत नाहीं. डोंगराच्या माथ्यावर पोहोंचलेल्या वाटसरूस दोन पावलें चढउताराशिवाय टाकतां येतात, तसाच हा प्रकार. पुढें फर्मा या फ्रेंच न्यायाधिशानें क्षच्या जागीं किंचित् वाढविलेला क्ष घालून दोन किमतींची तुलना करण्याची रीत बसविली. न्यूटन व लायब्निट्स यांनीं तिचें सर्वगामी शास्त्र बनविलें. आणि लायब्निट्सनें १६८४ सालीं या शास्त्रावरील आपला पहिला निबंध छापला, तेव्हां त्याच्या मथळ्यांतच महत्तम व लघुतम हे शब्द अग्रभागीं होते. १६९६ सालीं या विषयाचें पहिलें पाठ्यपुस्तक फ्रेंच भाषेंत निघालें. ज्या प्रश्नांवर पूर्वीं प्रज्ञावंतांनीं आयुष्यें खर्चिलीं, ते आतां शाळकरी पोराच्या पाटीवर येऊन बसले. यंत्राचा हा उपकार लहान नाहीं.

रामचंद्रांचा जन्म १८२१ सालीं पानिपत येथें एका कायस्थ कुटुंबांत झाला. पानिपत म्हटलें कीं मराठी वाचकाच्या मनांत निराळेंच चित्र उभें राहतें. परंतु त्या रणसंग्रामास तेव्हां साठ वर्षें होऊन गेलीं होतीं, व रामचंद्रांचे वडील सुंदरलाल कंपनी सरकारच्या महसूल खात्यांत नोकरीस होते. रामचंद्र दहा वर्षांचे असतांना ते वारले. मागें आई आणि सहा मुलगे. या माउलीनें मुलांस वाढविलें व १८३३ सालीं रामचंद्रांस दिल्लीच्या इंग्रजी शाळेंत घातलें. घरच्या ओढीमुळें मध्यंतरीं शिक्षण सुटलें व कारकुनी करावी लागली. तथापि १८४१ सालीं चढाओढीच्या परीक्षेंत दरमहा तीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून ते दिल्ली कॉलेजांत दाखल झाले. तीन वर्षांनीं त्याच कॉलेजाच्या प्राच्य विभागांत पाश्चात्य शास्त्रें शिकविण्यासाठीं त्यांची पन्नास रुपयांवर नेमणूक झाली.

या नेमणुकींतील विशेष हा कीं, शिकवावयाचें तें उर्दूतून. त्या काळीं दिल्ली कॉलेजानें देशी भाषेंत शास्त्रें आणण्याचा मोठा उद्योग आरंभिला होता, आणि रामचंद्र हे त्या उद्योगाचे एक आधारस्तंभ झाले. बीजगणित, त्रिकोणमिति, इतकेंच नव्हे तर विकलन आणि संकलन या विषयांवरील इंग्रजी पुस्तकांचीं भाषांतरें त्यांनीं उर्दूत केलीं. ‘फवायद-उन्-नाजरीन’ व ‘मुहिब्ब-ए-हिंद’ हीं नियतकालिकें काढून त्यांनीं शास्त्रीय ज्ञान, इतिहास व सामाजिक सुधारणा यांविषयीं मजकूर लोकांपुढें ठेविला. पुढें उर्दू वाङ्मयांत नांवाजलेले नजीर अहमद आणि गणितावर विपुल ग्रंथरचना करणारे जकाउल्ला हे त्यांच्या शिष्यांपैकीं होत. आमच्या वाचकांनीं ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी: रामचंद्रांस विकलन येत नव्हतें म्हणून त्यांनीं तें टाळलें असें नव्हे. त्यांस तें उत्तम येत होतें. तें ते शिकवीतहि होते. मग टाळलें कशासाठीं?

याचें उत्तर त्यांच्या ग्रंथांत आहे. १८५० सालीं कलकत्त्यास त्यांनीं स्वखर्चानें एक इंग्रजी पुस्तक छापविलें. महत्तम व लघुतम यांचे प्रश्न बीजगणितानें सोडविणें हा त्याचा विषय, आणि मथळाहि त्याच अर्थाचा. आपल्या देशांत भूमितीपेक्षां बीजगणिताची परंपरा बळकट आहे, भास्कराचार्यांचें ‘बीजगणित’ वर्गसमीकरणापर्यंत सहज येऊन पोहोंचतें, तर त्याच खोडावर पुढील फांदी कां फुटूं नये, असा त्यांचा विचार होता. परकें रोप आणून लावण्याऐवजीं घरच्या झाडास कलम करावें, हा त्यांचा बेत.

आतां त्यांची रीत पाहूं. ती समजण्यास शाळेंतील वर्गसमीकरणापलीकडे कांहीं लागत नाहीं. दहा या संख्येचे दोन भाग असे करावयाचे कीं त्यांचा गुणाकार जास्तींत जास्त व्हावा. एक भाग क्ष, दुसरा ‘१० वजा क्ष’. विकलन जाणणारा लगेच पुढें धांवेल. रामचंद्र तसें करीत नाहींत. ते म्हणतात, गुणाकार जो कांहीं असेल त्यास आपण र म्हणूं. म्हणजे क्षचा वर्ग, वजा १० क्ष, अधिक र, बरोबर शून्य. हें वर्गसमीकरण सोडविलें असतां क्ष बरोबर ५, अधिक किंवा वजा, ‘२५ वजा र’ याचें वर्गमूळ. आतां र बरोबर २१ पाहिजे काय? मिळेल, वर्गमूळ २ येतें, भाग ७ आणि ३. र बरोबर २४? मिळेल, भाग ६ आणि ४. र बरोबर २५? मिळेल, वर्गमूळ शून्य, दोन्ही भाग ५. र बरोबर २६ पाहिजे म्हणाल, तर ऋण एकाचें वर्गमूळ काढावें लागतें आणि समीकरणच हात जोडून सांगतें कीं, असे भाग नाहींत. तेव्हां २५ हेंच महत्तम. शक्य आणि अशक्य यांच्या सीमेवर जी किंमत उभी असते, तीच महत्तम अथवा लघुतम किंमत होय.

या सीमेवर काय घडतें तेंहि पाहण्यासारखें आहे. र बरोबर २१ असतां क्षचीं दोन उत्तरें होतीं, ७ आणि ३. र वाढत गेला तसतशीं तीं एकमेकांजवळ आलीं: ६ आणि ४, आणि २५ या ठिकाणीं तीं एकमेकांत मिसळून गेलीं. दोन समान मुळें हीच महत्तमाची खूण. आमच्या पत्र्याच्या पेटीस हीच कसोटी लावूं. घनफळास चारानें भागलें असतां क्षचा घन, वजा १२ क्षचा वर्ग, अधिक ३६ क्ष, एवढी राशि उरते. तिला र म्हणूं. हें घनसमीकरण आहे, त्यास तीन मुळें. सीमेवर त्यांपैकीं दोन समान होतील. तीं प्रत्येकीं प आणि तिसरें फ मानूं. मुळांची बेरीज १२, म्हणून फ बरोबर ‘१२ वजा २ प’. मुळांचे दोनदोनांचे गुणाकार मिळून ३६, म्हणून पचा वर्ग अधिक २ पफ बरोबर ३६. यांत फची किंमत घातली कीं पचा वर्ग, वजा ८ प, अधिक १२, बरोबर शून्य. प बरोबर २ किंवा ६. प बरोबर २ घेतला तर फ बरोबर ८, र बरोबर ३२, आणि पेटीचें घनफळ १२८ घनइंच. प बरोबर ६ घेतला तर फ बरोबर शून्य, र बरोबर शून्य, आणि पेटी बरोबर शून्य! येथें कोणतें उत्तर मोठें हा संभ्रम राहतच नाहीं. कारण ज्याचा शोध चालला आहे तो र सारखा डोळ्यांसमोर असतो. विकलनाच्या घाईंत तोच प्रथम दृष्टीआड होतो. आणि गंमत अशी कीं, जें वर्गसमीकरण येथें आलें, तेंच विकलन करून शून्य मांडल्यावर येतें, फक्त तीनपट होऊन. वाट निराळी, देऊळ तेंच.

परंतु पुस्तकाचें नशीब मात्र प्रथम फिरलेलें होतें. कलकत्त्यांत त्याचें स्वागत थंडपणें झालें. ‘कलकत्ता रिव्ह्यू’नें त्यावर प्रतिकूल अभिप्राय दिला. जें काम चलनकलनानें दोन ओळींत होतें, त्यासाठीं इतका द्राविडी प्राणायाम कशाला, हा टीकेचा सूर. दिल्लीचा एक तरुण शिक्षक, पगार थोडा, छपाईचा भार शिरावर. त्यास हा घाव केवढा बसला असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. अशा वेळीं त्यास एक गुणज्ञ भेटला. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांतील कायदेमंत्री बेथ्यून, ज्यांचें नांव बंगालच्या स्त्रीशिक्षणाशीं कायमचें जोडलें गेलें आहे, हे स्वतः केंब्रिजचे गणिती होते. त्यांनीं पुस्तकाच्या ३६ प्रती घेऊन लेखकास २०० रुपये दिले, आणि लंडनला कांहीं प्रती पाठविल्या. त्यांतील एक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हातीं पडली. बेथ्यून १८५१ सालीं वारले. परंतु त्यांनीं टाकलेलें बीं योग्य जमिनींत पडलें होतें.

डी मॉर्गन हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक व त्या काळचे अग्रगण्य तर्कशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म मदुरा येथें १८०६ सालचा. हिंदुस्थानाविषयीं त्यांस जन्मजात जिव्हाळा. त्यांनीं पुस्तक वाचलें आणि टीकाकारांस जें दिसलें नव्हतें तें त्यांस दिसलें. हा प्रश्न या अटीनें युरोपांत कोणीं घातलेलाच नाहीं, सबब यास रामचंद्रांचाच प्रश्न म्हणावें, असें त्यांचें मत झालें. अट अशी कीं, क्ष आणि किंचित् वाढलेला क्ष यांची तुलना करावयाचीच नाहीं. फर्माची युक्तिसुद्धां वर्ज्य. ही अट त्यांनीं एका गणितज्ञ मित्रास सांगितली, तेव्हां त्यानें विचारलें कीं, राशीला वाढूंच द्यावयाचें नाहीं, तर ती सर्वांत मोठी केव्हां होते हें कळावें तरी कसें! डी मॉर्गन यांनीं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांशीं पत्रव्यवहार सुरू केला. कागद लंडनहून हिंदुस्थानांत आणि हिंदुस्थानांतून लंडनला फिरले. शेवटीं रामचंद्रांस मानाची खिलत व २००० रुपये देण्याचें ठरलें, आणि डी मॉर्गन यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १८५९ सालीं ग्रंथाची नवी आवृत्ति लंडनहून निघाली.

या गौरवाच्या आड केवढें वादळ होऊन गेलें, तें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. १८५२ च्या जुलै महिन्यांत रामचंद्रांनीं दिल्लींत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्याबरोबर डॉक्टर चिमनलाल यांनींहि घेतली. शहरांत खळबळ उडाली, आप्तस्वकीय दुरावले. ११ मे १८५७ रोजीं मीरतेचे शिपाई दिल्लींत शिरले, त्या दिवशीं चिमनलाल मारले गेले. कॉलेजची लुटालूट झाली. प्रिन्सिपॉल टेलर यांचा वध झाला. रामचंद्र लपत छपत, जुन्या नोकराच्या इमानामुळें, शहराबाहेर निसटले. इंग्रजांनीं दिल्ली पुन्हां घेतल्यावर ते परत आले, तों नवाच अनुभव त्यांच्या वाट्यास आला. गोरे अधिकारी वाटेंत त्यांस मारहाण करीत, घरावर दगड टाकीत. केवळ काळा मनुष्य म्हणून. आपण ख्रिस्ती आहों, सरकारचे नोकर आहों, हें सांगून उपयोग नव्हता. त्यांनीं या जुलमाविरुद्ध लष्करी अधिकाऱ्यांस तक्रारीचें पत्र लिहिलें, तें आजहि उपलब्ध आहे. एका बाजूनें धर्म सोडला म्हणून मृत्यूचें भय, दुसऱ्या बाजूनें कातडीचा रंग सोडतां येत नाहीं म्हणून लाथा. आणि याच सुमारास लंडनांत त्यांच्या बुद्धीची तारीफ करणारी प्रस्तावना तयार होत होती! पुढें ते कांहीं महिने रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत व नंतर दिल्लीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. १८६३ सालीं त्यांनीं विकलनाचीच एक नवी रीत सुचविणारें पुस्तक लिहिलें. प्रकृति ढासळल्यामुळें १८६६ सालीं ते सेवानिवृत्त झाले, त्यानंतर पतियाळा संस्थानांत राजाचे शिक्षक व पुढें शिक्षणाधिकारी म्हणून राहिले, आणि १८८० सालीं निधन पावले.

मराठी वाचकास या कथेंत कांहीं ओळखीचे सूर ऐकूं येतील. दिल्लींत रामचंद्र उर्दूतून शास्त्रें शिकवूं लागण्याच्या सुमारासच मुंबईंत बाळशास्त्री जांभेकर तेंच काम मराठींत करीत होते. ‘दर्पण’कार म्हणून त्यांस सर्व जण ओळखतात, एल्फिन्स्टन कॉलेजांतील गणिताचे अध्यापक म्हणून थोडे, आणि विकलनावर मराठींत ‘शून्यलब्धि’ हें पुस्तक लिहिणारे म्हणून त्याहून थोडे. १८४६ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकाचें नांव आम्हांस फार आवडतें. लब्धि म्हणजे भागाकाराचें फळ. दोन वाढी हळूहळू शून्याकडे जात असतां त्यांच्या भागाकाराची जी लब्धि उरते, ती शून्यलब्धि. एका शब्दांत सारें शास्त्र आलें. भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त एक उदाहरण दिलें आहे: एका संख्येस शून्यानें गुणिलें, तींत तिचें अर्ध मिळविलें, बेरजेस तिनानें गुणिलें, शून्यानें भागिलें, उत्तर ६३ आलें, तर संख्या कोणती? त्यांचें उत्तर १४. शून्यानें गुणणें हें भागणें पुरें होईपर्यंत राखून ठेवावयाचें, ही त्यांची सूचना; आणि या गणिताचा ग्रहगणितांत मोठा उपयोग आहे, असेंहि ते सांगतात. शून्यलब्धीचा अंकुर येथें दिसतो, असें कोणीं म्हटलें तर त्यास एकदम वेड्यांत काढतां येणार नाहीं.

तसें म्हणणारा विद्वान् आपल्यांतलाच होता. बापूदेवशास्त्री हे पुण्यास १८२१ सालीं, म्हणजे रामचंद्रांच्याच वर्षीं जन्मले. सिहोर येथें विल्किन्सनसाहेबांच्या पाठशाळेंत शिकून ते काशीच्या संस्कृत कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. १८५८ सालीं त्यांनीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत निबंध लिहून प्रतिपादन केलें कीं, ‘सिद्धांतशिरोमणीं’त ग्रहाची तात्कालिक गति काढतांना भास्कराचार्यांनीं विकलनाचें तत्त्व वापरलें आहे. स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञानें १८६० सालीं त्यावर कांहीं आक्षेप घेतले: सूक्ष्म कालखंडाची कल्पना आहे, पण त्यावरून सर्वसाधारण शास्त्र उभारलेलें नाहीं, असा त्यांचा आशय. आम्हांस दोघांचेंहि म्हणणें आपआपल्या जागीं खरें वाटतें. तत्त्व दिसलें होतें. शास्त्र झालें नव्हतें. चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणिला. तो मठ चालला असता, तेथें वाद झाले असते, चुका सांपडल्या असत्या, तर दिसलेलें तत्त्व शास्त्ररूपास आलें असतें काय, हा विचार मनांत येतो आणि हुरहूर लावून जातो.

एकाच वर्षीं जन्मलेले हे दोन गणिती, दोघेहि भास्कराचार्यांकडेच वळले, परंतु एकानें म्हटलें, “हें यंत्र आमच्याकडे होतेंच”, आणि दुसऱ्यानें म्हटलें, “हें यंत्र नसतांनाहि आमच्या सामग्रीवर किती दूर जातां येतें तें पहा.” पहिलें बोलणें अभिमानास अधिक गोड लागतें. आम्हांस दुसरें अधिक उपयोगाचें वाटतें. पहिल्यानें मागील हिशेब मिटतो. दुसऱ्यानें पुढील काम सुरू होतें.

येथें न्याय करावयाचा तर टीकाकारांचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. रामचंद्रांच्या रीतीस मर्यादा आहेत. समीकरण चौथ्या-पांचव्या घाताचें झालें कीं आकडेमोड जीव नकोसा करिते. आणि प्रश्नांत कोनाची ज्या किंवा लॉगरिदम आला कीं बीजगणिताचा हात टेकतो. विकलनास यांतील कशाचीच धास्ती नाहीं. आगगाडी असतां बैलगाडीनें काशीस जा, असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. डी मॉर्गन यांनीं या ग्रंथावर जी आशा बांधिली, तीहि पुरी झाली नाहीं. ग्रीकांची बुद्धि भूमितीची, हिंदूंची बीजगणिताची, म्हणून हिंदु विद्यार्थ्यास या दारानें आंत घ्यावें, असा त्यांचा सिद्धांत. हेतु उदार होता, पण सिद्धांत कच्चा होता. केरळांतील ‘युक्तिभाषा’ या सोळाव्या शतकांतील ग्रंथांत उपपत्तींची जी रेलचेल आहे, ती पाहिल्यावर एका राष्ट्राची बुद्धि एकाच सांच्याची असते असें कोणी म्हणणार नाहीं. शिवाय शाळा पदव्यांच्या मागें लागल्या होत्या. परीक्षेंत विचारीत नाहींत तें पुस्तक कोण लावणार? ग्रंथ मागें पडला.

तरीसुद्धां रामचंद्रांचा श्रम वाया गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्या रीतीचा गुण वेगांत नसून विचारण्यांत आहे. विकलनवाला विचारतो, “उतार कोठें शून्य होतो?” रामचंद्र विचारतात, “एवढें मिळूं शकेल काय? याहून थोडें अधिक मिळेल काय? आणि मिळणार नसेल तर कोणत्या ठिकाणीं अडतें?” हा दुसरा प्रश्न बाजारांत जाणाऱ्या गृहिणीस कळतो, विहीर खणणाऱ्यास कळतो, आणि बारा वर्षांच्या मुलासहि कळतो. तो एकदां मनांत रुजला कीं मग विकलन द्यावें. तें मंत्र न राहतां अवजार होतें. आज प्रवेशपरीक्षांमध्यें एकेका प्रश्नास मिनिट-दीड मिनिट मिळतें व चार उत्तरांपैकीं एकावर खूण करावयाची असते. तेथें वेग हवा हें आम्हांस कबूल आहे. पण खूण करणाऱ्या हातास ६ इंचांची पेटी कशी दिसते हें ठाऊक असलें, तर वेग कमी होत नाहीं. चूक कमी होते.

पुढील वर्षापासून आम्हीं शिकविण्याचा क्रम बदलला. पेटीचें उदाहरण विकलनाच्या आधीं घातलें. “शंभर घनइंचांची पेटी होईल?” होईल; एक इंच कापावा. “एकशेंआठांची?” होईल, तीन इंच कापावे. “एकशेंअठ्ठावीस?” दोन इंच. “एकशेंएकोणतीस?” येथें वर्ग थबकला. कोणीं दीड इंच धरून पाहिलें, कोणीं सव्वादोन. तास संपला, तरी मुलें फळ्याजवळून हलेनात.

त्या मुलीचें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं; पण तिची आठवण कृतज्ञतेनें नोंदविली पाहिजे. तो हंशा पिकला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यांत ती पुठ्ठ्याच्या तीन पेट्या करून घेऊन आली: एक इंचाची, दोन इंचांची आणि तीन इंचांची. पिशवींतून ज्वारी काढून तिनें आमच्यासमोर त्या मापून दाखविल्या. दोनाची पेटी सर्वांत अधिक भरली. मग तिनें पिशवींतून सहा सहा इंचांचे चार सुटे चौरस काढून टेबलावर ओळीनें मांडले आणि गंभीरपणें म्हणाली, “सर, ही सहाची पेटी.”